इतरांशी तुलना आणि आपले रोजचे वागणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुलनेचा विषय निघाला की मनाला काय वाटते याचीच चर्चा जास्त होते. पण तुलना मनात थांबत नाही, ती वागण्यात उतरते. आपण कोणाला फोन करतो, कोणाचा फोन टाळतो, काय सांगतो, काय दडवतो, कोणाला मदत करताना हात आखडता घेतो आणि कशासाठी कर्ज काढतो, या सगळ्यांत तिचा वाटा असतो. पुढचे प्रश्न त्यासंबंधीचे आहेत.

माणूस इतरांशी तुलना का करतो? हा संस्कारांतला दोष आहे का?

तुलना ही मुळात स्वतःला ओळखण्याची एक रीत आहे. उंची भिंतीवर खूण करून कळते, वजन काट्यावर कळते. पण आपण गातो ते चांगले की सुमार, आपला पगार रास्त की कमी, आईवडिलांची आपण घेतो ती काळजी पुरेशी की अपुरी, हे मोजण्याचे साधन कुठल्याच दुकानात मिळत नाही. अशा वेळी माणूस आजूबाजूला पाहतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धांताचा गाभा हाच आहे : आपली मते आणि आपल्या क्षमता कितपत बरोबर आहेत हे जाणून घेण्याची ओढ प्रत्येकाला असते, आणि वस्तुनिष्ठ मोजमाप हाताशी नसले की ती ओढ आपल्याला इतर माणसांकडे नेते.

म्हणून तुलना करणाऱ्याला सरसकट कोत्या मनाचा ठरवणे मला अन्यायाचे वाटते. नव्या कार्यालयात रुजू झालेला माणूस पहिले काही दिवस इतरांकडे पाहूनच शिकतो. डबा किती वाजता उघडायचा, साहेबांना ‘सर’ म्हणायचे की नावापुढे ‘साहेब’ लावायचे, सहा वाजता निघालेले चालते की साहेब उठेपर्यंत थांबावे लागते, हे कोणी लेखी देत नाही. सासरी नव्याने आलेली मुलगीही तशीच पाहत पाहत रुळते. तुलना नसती तर चारचौघांत वावरणेच अवघड झाले असते. काळजीचा भाग त्यानंतर सुरू होतो, म्हणजे तुलनेत आपण कमी किंवा जास्त ठरल्यावर समोरच्याशी कसे वागतो तेथे.

आपण नेमकी कोणाशी तुलना करतो?

जवळच्यांशी आणि सारख्यांशी. दोन माणसांतले अंतर जसे वाढते तशी त्यांच्यातली तुलना क्षीण होत जाते, हे फेस्टिंगर यांनीच नोंदवले होते. गावातला शेतकरी एखाद्या उद्योगपतीच्या बंगल्याशी आपले घर ताडून पाहत नाही. पण बांधाला बांध लागून असलेल्या चुलतभावाने ट्रॅक्टर घेतला की रात्री जेवताना त्या घरात तोच विषय निघतो. जावाजावा, साडू, एकाच वर्षी नोकरीला लागलेले सहकारी, एका बाकावर बसलेले वर्गमित्र, एकाच मजल्यावरचे शेजारी, ही आपली खरी तुलनेची माणसे असतात. वय, शिक्षण आणि सुरुवात सारखी असल्यामुळे पुढे पडलेला फरक ‘त्याला जमले, मग मला का नाही?’ असा थेट अंगावर येतो.

या बाबतीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकन सैनिकांचा अभ्यास फार बोलका आहे. सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये तो प्रसिद्ध केला. हवाई दलात बढत्या भराभर मिळत होत्या आणि लष्करी पोलिसांत त्या क्वचितच मिळत होत्या, तरीही बढतीच्या व्यवस्थेबद्दल अधिक नाराजी हवाई दलातच होती. कारण तेथे न मिळालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मिळालेले अनेक जण रोज वावरत होते, तर लष्करी पोलिसाच्या आजूबाजूचे बहुतेक जण त्याच्याच पदावर होते.

गाव सोडलेल्या माणसांची तुलना दुहेरी होते, हेही येथे सांगायला हवे. सातारा किंवा लातूर सोडून पुण्यात, आणि पुणे सोडून न्यू जर्सीत गेलेला माणूस कामावर तिथल्या सहकाऱ्यांशी स्वतःला ताडून पाहतो आणि सुट्टीत घरी आला की मागे राहिलेल्या भावंडांशी. एका ठिकाणी तो मागे असतो, दुसऱ्या ठिकाणी पुढे, आणि दोन्हीकडचे त्याचे बोलणे, वागणे, खर्च करणे वेगवेगळे होते. घरच्यांना हा बदल दिखाऊपणा वाटतो. पुष्कळदा त्यामागे मापच बदललेले असते.

अनोळखी माणसाच्या यशाचे कौतुक वाटते, मग सख्ख्या मैत्रिणीचे किंवा भावाचे यश का टोचते?

हा प्रश्न विचारताना अनेकांचा आवाज खाली येतो, कारण असे वाटणे म्हणजे आपण वाईट असा त्यांचा समज असतो. या अनुभवाचा सर्वांत नेमका उलगडा अब्राहम टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केला आहे. त्यांच्या मते दोन गोष्टी पाहाव्या लागतात : माणूस किती जवळचा आहे, आणि ज्या क्षेत्रात तो पुढे गेला ते क्षेत्र आपल्यासाठी किती महत्त्वाचे आहे. भाऊ उत्तम क्रिकेट खेळतो आणि मला क्रिकेटशी देणेघेणे नाही, तर त्याच्या यशाने माझीही मान ताठ होते. ‘तो माझा भाऊ’ असे मी सर्वांना सांगत सुटतो. मात्र आम्ही दोघेही गात असू आणि त्याला सवाई गंधर्व महोत्सवात गायला मिळाले, तर तीच जवळीक टोचू लागते.

टेसर आणि जोनाथन स्मिथ यांनी १९८० मध्ये केलेल्या एका प्रयोगात हे वागण्यात उतरलेले दिसले. सहभागी व्यक्तींना शब्द ओळखण्याच्या खेळात दुसऱ्याला सुगावे द्यायचे होते. सोपे द्यायचे की अवघड हे त्यांच्या हातात होते, आणि समोर कधी मित्र असे, कधी अनोळखी माणूस. हा केवळ खेळ आहे असे सांगितले होते तेव्हा लोकांनी मित्राला अधिक मदत केली. या खेळातून बुद्धीचे महत्त्वाचे गुण कळतात असे सांगितल्यावर मात्र मित्राला अनोळखी माणसापेक्षाही अवघड सुगावे दिले गेले.

आपल्याकडे याची रूपे ओळखीची आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोन जिवलग मित्र एका खोलीत राहतात, चहा एकाच टपरीवर पितात, एकमेकांच्या आजारपणात रात्रभर जागतात. पण नोट्सच्या झेरॉक्स देताना एखादा भाग हटकून मागे राहतो. देणाऱ्याच्या मनात कपट असतेच असे नाही. ‘नंतर देतो’ म्हणत म्हणत ते राहून जाते. मैत्रिणीची कथा दिवाळी अंकात छापून आली की स्वतःही लिहिणारी मैत्रीण अभिनंदन करते, पण अंक विकत घ्यायचे तिच्याकडून राहून जाते. ही तुलना अनेक नात्यांत भांडण न होताच अंतर पाडते, आणि मला तिची सर्वांत मोठी किंमत हीच वाटते. दोघांपैकी एकाने वाट बदलली, एकाने गद्य आणि एकाने कविता धरली, की पुष्कळदा मैत्री पुन्हा मोकळी होते. टेसर यांच्या मांडणीशीही हे जुळते, कारण क्षेत्राचे महत्त्व कमी झाले की टोचणीही कमी होते.

लोक आपले गुण, पगार किंवा आनंदाची बातमी का लपवतात?

दहावीचा निकाल बहुधा दुपारी एक वाजता संकेतस्थळावर येतो. दोन वाजेपर्यंत नातेवाइकांचे फोन सुरू होतात : ‘काय गं, किती पडले?’ आणि पलीकडून उत्तर येते, ‘झाला चांगला पास, डिस्टिंक्शन आहे.’ आकडा सांगितला जात नाही. कधी तो कमी असतो म्हणून. पण पुष्कळ वेळा तो जास्त असतो आणि फोन करणाऱ्या आत्याच्या मुलाचाही आजच निकाल असतो म्हणून. आईने त्या एका वाक्यात स्वतःचा आनंद आवरलेला असतो आणि नणंदेचे मनही सांभाळलेले असते.

आपण दुसऱ्याच्या डोळ्यांत सलत आहोत ही जाणीव सुख देणारी नसते. ज्युली एक्सलाइन आणि मार्सी लोबेल यांनी १९९९ मध्ये याविषयी सविस्तर लिहिले : इतरांपेक्षा सरस ठरल्याचा आनंद आणि त्यामुळे समोरचा दुखावल्याची अस्वस्थता एकाच वेळी असू शकतात, आणि मग सरस ठरलेला माणूस स्वतःचे यश लहान करून सांगतो, नशिबावर ढकलतो किंवा विषय बदलतो. घर पूर्ण होईपर्यंत कोणाला न सांगणे, बाळाला तीट लावणे, ‘दृष्ट लागेल’ म्हणून पेढे उशिरा वाटणे, या आपल्या रीतींत इतर अनेक गोष्टींबरोबर ही सावधगिरीही आहे असे मला वाटते.

मात्र दडवण्यालाही किंमत असते. ॲनाबेल रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, जवळच्या माणसाने आपले यश आपल्यापासून लपवल्याचे कळले की दुरावा वाढतो, कारण ‘मला हे पेलवणार नाही असे त्याने परस्पर ठरवले’ असा त्याचा अर्थ घेतला जातो. मैत्रिणीच्या बढतीची बातमी तिसऱ्याकडून कळली तर दुःख बढतीपेक्षा त्या न सांगण्याचे अधिक होते.

पगाराचे गणित थोडे वेगळे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचे पगार जाहीर असतात. डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या काही कर्मचाऱ्यांना ते कोणत्या संकेतस्थळावर पाहता येतात हे कळवले आणि परिणाम तपासला. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या विभागात व हुद्द्यात मध्यापेक्षा कमी पगार असलेल्यांचे समाधान घटले आणि त्यांच्यात दुसरी नोकरी शोधण्याचा विचार वाढला. जास्त पगार असलेल्यांना मात्र त्याचा विशेष आनंद झाला नाही. वर असल्याचे सुख आणि खाली असल्याचे दुःख यांचे वजन सारखे नसते, ही या अभ्यासातून समजणारी मोठी गोष्ट आहे. तरीही पगार गुप्तच असावेत असा निष्कर्ष मी काढणार नाही. ज्याला कमी दिले जात आहे त्याला ते कळण्याचा हक्क आहे, आणि तेथे आलेली नाराजी रास्त असू शकते.

आपल्यापेक्षा पुढे असलेल्यांकडे पाहून उमेद येते की माणूस खचतो?

दोन्ही घडते, आणि कोणते घडेल हे ‘मलाही तेथे पोहोचता येईल का?’ या एका प्रश्नावर बरेचसे अवलंबून असते. कॅनडात पेनेलोपी लॉकवुड आणि झीवा कुंडा यांनी लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका अत्यंत यशस्वी चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याविषयीचा मजकूर वाचायला दिला. तो वाचून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास वाढला, कारण त्यांच्या हातात अजून वेळ होता. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तशी उमेद आली नाही, कारण त्यांची संधी संपत आली होती. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून शाळेत यशस्वी माजी विद्यार्थ्याचा सत्कार ठेवायचा असेल तर तो आठवीच्या मुलांसमोर ठेवणे आणि नापास झालेल्यांच्या पुरवणी वर्गासमोर ठेवणे यांत फरक आहे. पाहुण्याने केवळ यश न सांगता पहिल्या प्रयत्नात काय चुकले, फी कशी भरली, कोणाचे मार्गदर्शन मिळाले हेही सांगितले, तर वाट दिसते. नुसते शिखर दाखवले की पाय गळतात.

आपल्यापेक्षा वाईट स्थितीतल्या माणसाकडे पाहून बरे वाटणे हे कठोरपणाचे लक्षण आहे का?

तसे मानू नये. टॉमस विल्स यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, संकटात सापडलेला माणूस स्वतःला सावरण्यासाठी अधिक बिकट स्थितीतल्यांकडे पाहतो. जोॲन वुड, शेली टेलर आणि रोझमेरी लिख्टमन यांनी १९८५ मध्ये स्तनांच्या कर्करोगातून जाणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. गाठ काढली गेलेली स्त्री पूर्ण स्तन गमावलेल्या स्त्रीकडे पाहून ‘माझे निभावले’ म्हणे. प्रौढ स्त्रीला तरुण रुग्णांचे अधिक वाईट वाटे. आणि विवाहित स्त्री म्हणे की, एकटीने हे सोसणाऱ्यांचे काय होत असेल. जवळपास प्रत्येकीला स्वतःपेक्षा अवघड स्थितीतले कोणी तरी सापडत होते, आणि त्यातून तिला धीर मिळत होता.

हा धीर माणूस स्वतःच्या मनाशी घेतो तोवर ठीक आहे. तोच दुसऱ्याने आपल्याला द्यायला सुरुवात केली की त्याचे रूप बदलते. भेटायला आलेल्याने रुग्णाला ‘तुझे काहीच नाही, आमच्या शेजाऱ्यांचे बघ’ असे सांगू नये. त्याने रुग्णाचे दुःख मोजून कमी ठरवले जाते, आणि पुढच्या वेळी तो काही सांगतच नाही.

लग्नकार्यात आणि घरखर्चात तुलनेचा परिणाम कसा दिसतो?

येथे परिणाम सर्वांत उघड दिसतो आणि सर्वांत महागही पडतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत हळद घरच्या अंगणात, पाच सवाष्णी आणि चार चुलत्यांच्या सोबतीने लागत असे. आता अनेक घरांत हळदीचा वेगळा कार्यक्रम, वेगळा मंडप, सर्वांना पिवळे कपडे, डीजे आणि छायाचित्रकार असतो. हा बदल कोणा एकाच्या हौसेने झालेला नाही. एका घराने केले, ते पाहुण्यांनी पाहिले, आणि पुढच्या लग्नात मुलीच्या आईला ‘आपल्याकडे हळदीला काय ठेवलंय?’ असा प्रश्न आला. मानपान, आहेराच्या साड्या, रुखवताचे टेबल, पंगतीतल्या पक्वान्नांची संख्या, सगळ्यांचे असेच होते. जे काल हौस होते ते आज किमान ठरते, आणि त्यापेक्षा कमी केले तर ‘हात राखून केले’ असे म्हटले जाते. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. कर्ज काढणाऱ्याला ती पाठ असते, तरी तो काढतो, कारण न काढण्याची शिक्षा चारचौघांत मिळते आणि काढण्याची शिक्षा घरात, हप्त्याहप्त्याने.

शेजाऱ्याच्या वैभवाचा खर्चावर होणारा परिणाम नेदरलँड्समध्ये मोजलाही गेला आहे. तेथील एका लॉटरीत संपूर्ण पोस्टल कोडला बक्षीस लागते : त्या भागात ज्यांनी तिकीट घेतले त्यांना रोख रक्कम मिळते आणि त्यांच्यापैकी एका घराला नवी मोटारही मिळते. पीटर कुन आणि सहकाऱ्यांना २०११ च्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांनी तिकीटच घेतले नव्हते अशा विजेत्यांच्या लगतच्या शेजाऱ्यांमध्येही मोटार घेण्याचे प्रमाण वाढले. त्यांच्या उत्पन्नात एका पैशाचीही भर पडलेली नव्हती.

प्रत्येक गोष्टीत ही चढाओढ सारखी नसते. सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हार्वर्डमधील लोकांना विचारले होते की, तुम्हाला ५०,००० डॉलर आणि इतरांना २५,००० असे जग हवे, की तुम्हाला १,००,००० आणि इतरांना २,००,००० असे? सुमारे निम्म्यांनी पहिले निवडले, म्हणजे इतरांपेक्षा वर राहण्यासाठी निम्म्या उत्पन्नावर समाधान मानायची त्यांची तयारी होती. हाच प्रश्न रजेच्या दिवसांबद्दल विचारला तेव्हा मात्र बहुतेकांनी स्वतःला अधिक दिवस मिळणारा पर्यायच घेतला. जे दिसते त्यात बरोबरीची ओढ जास्त असते. लग्नात काटकसर करायची असेल तर ती दोन्हीकडच्या घरांनी आधीच मिळून ठरवावी आणि पत्रिकेतच कळवावे, म्हणजे कमीपणाचा शिक्का एकट्या घरावर बसत नाही.

मुलांना ‘तो बघ किती अभ्यास करतो’ असे सांगितल्याने त्यांची प्रगती होते का?

आईवडील हे चांगल्या हेतूने म्हणतात, याबद्दल शंका नाही. पण या वाक्यातून मुलाला अभ्यास कसा करावा हे कळत नाही, फक्त आपण कमी आहोत एवढेच कळते. शिवाय ज्याचे उदाहरण दिले जाते तो बहुधा मावसभाऊ, शेजारचा किंवा वर्गातलाच असतो. तो आणि आपले मूल यांच्यातली मैत्री या वाक्याने नासते. सुट्टीत एकत्र खेळणारी भावंडे आठवी-नववीनंतर एकमेकांना टाळू लागतात, त्याचे कारण पुष्कळदा मोठ्यांच्या बोलण्यात असते.

याला जोडूनच शाळा निवडण्याचा प्रश्न येतो. हर्बर्ट मार्श या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९८० च्या दशकापासून दाखवून दिले आहे की, सारख्याच बुद्धीची दोन मुले घेतली, एक साधारण वर्गात आणि एक निवडक हुशार मुलांच्या वर्गात, तर निवडक वर्गातल्या मुलाचे स्वतःच्या अभ्यासाबद्दलचे मत खाली येते. हे निष्कर्ष अनेक देशांत पडताळले गेले आहेत. तालुक्याच्या शाळेत पहिला येणारा मुलगा लातूर किंवा कोटा येथील शिकवणीच्या निवडक तुकडीत गेला, की पहिल्याच चाचणीत चाळिसावा येतो. त्याची बुद्धी आठ दिवसांत कमी झालेली नसते, पण त्याला तसेच वाटते, आणि घरी फोन करताना तो क्रमांक सांगत नाही. असा मुलगा फोनवर गप्प झाला तर ‘लक्ष नाही वाटतं तुझं’ असे म्हणण्याआधी तो आता कोणाच्या सोबत बसतो आहे हे पालकांनी लक्षात घ्यावे.

पूर्वी आपले राज्य शिक्षण मंडळ गुणवत्ता यादी जाहीर करत असे. ती पद्धत बंद झाली हे मला योग्य वाटते. पण तिची जागा शिकवणीवर्गांच्या चौकाचौकांतल्या फलकांनी घेतली आहे. टक्क्यांसह छायाचित्रे लावण्यापूर्वी त्याच वर्गातल्या इतर मुलांना रोज त्या फलकाखालून जावे लागते, याचा विचार व्हायला हवा. मुलाची त्याच्याच मागच्या चाचणीशी तुलना करणे अधिक उपयोगी असते, कारण त्यातून कोणता धडा कच्चा राहिला हे कळते.

दुसरा क्रमांक मिळूनही माणूस नाराज का असतो?

कारण त्याची तुलना न मिळालेल्या पहिल्याशी होते. व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि टॉमस गिलोविच यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या, तेव्हा कांस्यपदक मिळवणारे रौप्यपदकवाल्यांपेक्षा अधिक आनंदी दिसले. कांस्यवाला चौथ्या क्रमांकाकडे पाहतो आणि पदक मिळाले म्हणून सुखावतो.

समाजमाध्यमांनी यात नवे काय आणले?

तुलनेची माणसे अमाप वाढवली आणि त्यांच्या आयुष्याचा एकच भाग पुढे आणला. पूर्वी वर्गमित्राची बातमी लग्नकार्यात किंवा गणपतीत गावी गेल्यावर मिळत असे, आणि तेव्हा त्याचा गुडघा दुखतो, मुलगा ऐकत नाही, हेही सोबत कळत असे. आता स्टेटसवर नवी सदनिका, गृहप्रवेशाची पूजा आणि परदेशातली सहल दिसते; गृहकर्जाचा हप्ता दिसत नाही.

इतरांचे दुःख आपण मुळातच कमी लेखतो. अलेक्झांडर जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आपल्या सोबत्यांच्या वाट्याला येणारे अप्रिय अनुभव प्रत्यक्षापेक्षा कमी वाटत होते, कारण माणसे ते एकट्याने भोगतात आणि चारचौघांत हसरी असतात. चेहऱ्यावर हसू आणून काढलेल्या छायाचित्रांनी या गैरसमजात भर घातली. नुसते पाहत राहणे आणि ओळखीच्यांशी प्रत्यक्ष बोलणे यांत मात्र फरक करावा. २०१५ मधील फेसबुकविषयीच्या अभ्यासात फिलिप फेर्डाइन आणि सहकाऱ्यांना नुसते पाहत राहिल्याने मनःस्थिती खालावलेली आढळली. पुढच्या संशोधनात सर्वांवर सारखा परिणाम दिसलेला नाही, त्यामुळे मोबाईललाच सगळा दोष देणे बरोबर नाही. ज्या खात्यामुळे आपण नंतर घरच्यांवर चिडतो ते म्यूट करावे. समोरच्याला ते कळत नाही आणि नातेही तुटत नाही. इन्स्टाग्रामने २०२१ पासून लाइकचे आकडे लपवण्याची सोयही दिली आहे.

तुलनेचा चांगला उपयोग करून घेता येतो का?

होय. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घरांना त्यांचा वीजवापर आणि शेजारच्या घरांची सरासरी कळवण्यात आली. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला, कारण त्यांनाही सरासरी हेच माप वाटले. कमी वापरणाऱ्यांच्या पत्रावर कौतुकाचा एक हसरा चेहरा काढला, तेव्हा ही वाढ थांबली. गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर पाण्याच्या वापराचे किंवा थकबाकीचे आकडे लावणाऱ्या समित्यांनी हे ध्यानात ठेवावे. ‘अनेक सभासद देखभाल शुल्क भरत नाहीत’ असे लिहिल्याने न भरणे हीच रीत आहे असे कळते. किती जणांनी वेळेवर भरले हे लिहिणे अधिक परिणामकारक ठरते.

काही जण सतत तुलना करतात आणि काहींना फरकच पडत नाही, असे का?

हा स्वभावातला फरक आहे आणि तो मोजण्याची पद्धतही आहे. फ्रेडरिक गिबन्स आणि ब्राम ब्यूंक यांनी १९९९ मध्ये त्यासाठी अकरा विधानांची प्रश्नावली तयार केली. ज्यांना स्वतःबद्दल खात्री कमी असते त्यांच्यात ही प्रवृत्ती अधिक दिसते. नोकरी बदलणे, घटस्फोट, आजारपण, निवृत्ती अशा अस्थिर काळात ती कोणातही वाढू शकते. मात्र झोप उडणे, माणसांत जाणे बंद होणे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे विचार वारंवार येणे, असे काही होत असेल तर तो केवळ तुलनेचा प्रश्न राहिलेला नसतो. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत आणि मराठीतून बोलता येते.

नातेवाईक आपल्या तोंडावर दोन मुलांची किंवा दोन सुनांची तुलना करतात, तेव्हा काय बोलावे?

वाद घालून तुलना खोडण्याचा प्रयत्न केला की ती आणखी लांबते, कारण मग दोन्ही बाजूंनी पुरावे येऊ लागतात. वयाने मोठ्यांना उलट बोलल्याचा ठपका येतो तो वेगळाच. ज्याच्याशी तुलना झाली त्याचे मनापासून कौतुक करावे आणि विषय आपल्या मुलाच्या एखाद्या ठोस गोष्टीकडे न्यावा. काका म्हणाले, ‘सुहासला ब्याण्णव टक्के, तुझ्याला अठ्ठ्याहत्तरच?’ तर ‘हो काका, सुहासने खरंच फार मेहनत घेतली. आमच्याकडे गणितात मागच्या वेळेपेक्षा वीस गुण वाढले, त्याचा आनंद आहे’ एवढे पुरते. हे मुलाच्या समोर म्हणावे, कारण काकांपेक्षा ते ऐकण्याची गरज त्याला अधिक असते. सुनांच्या बाबतीत ही जबाबदारी मुलांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यांनी घ्यावी. ‘आई, वहिनीचं तिखट आणि हिचं गोड, मला दोन्ही आवडतं’ असे मुलाने म्हटले तर चालते, तेच सुनेने म्हटले तर तिला आगाऊ ठरवले जाते. आणि जिच्या बाजूने तुलना झाली त्या जावेने त्या वेळी गप्प न राहता दुसरीची एखादी खरी जमेची बाजू सांगितली, तर दोघींना एका स्वयंपाकघरात वावरणे बरेच सोपे जाते.